मूनभाऊ म्हणाले, चालते

मूनभाऊंच्या दुकानातून नवा टायर घेणं सोपं नव्हतं. माल भरपूर असायचा. छताखाली आडव्या लोखंडी नळीवर ओवलेले टायर लटकायचे, खाली भिंतीला टेकून आणखी दोन रांगा, आणि आत शिरताच नव्या रबराचा वास यायचा. पण खिशात पैसे घेऊन गेलात म्हणजे टायर घेऊनच परत याल, याची खात्री नसायची. आधी मूनभाऊ गाडीच्या मागे उकिडवे बसत, चाक हळूहळू फिरवत आणि डाव्या अंगठ्याचं नख टायरच्या खाचेत घालत. ते नख त्यांनी मुद्दाम वाढवलं होतं. नख पुरेसं बुडालं की ते गुडघ्यावर हात देऊन उठत आणि म्हणत, "अजून चालते. दिवाळीनंतर येजो."

लोक वाद घालत. सासुरवाडीला जायचं आहे, गाडी नवी दिसली पाहिजे, असंही सांगत. मूनभाऊ फडक्याला हात पुसत पुसत ऐकून घेत. "घाई कोणाले आहे? तुले का टायरले?" असं विचारत आणि पुढच्या गाडीकडे वळत.

त्यांचं पूर्ण नाव देविदास मून. वर्ध्याजवळ नालवाडीत रस्त्याला लागून त्यांचं एका शटरचं दुकान होतं. मी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे. गावोगावच्या विहिरींचं, हातपंपांचं पाणी बाटल्यांत भरून आणायचं, बाटलीवर गावाचं नाव लिहायचं, तपासायचं आणि कागदावर आकडा द्यायचा, हे माझं काम. आज आर्वीकडे, उद्या हिंगणघाटकडे. गाडी खूप फिरते, त्यामुळे टायरही लवकर जातो. चौदा-पंधरा वर्षं मी त्यांच्याकडे जात होतो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं खोटं वाटेल. माझा धाकटा भाऊ विजू मोटरसायकलवरून पडून गेला. त्याचा टायर मूनभाऊंनी पाहिला होता आणि चालते म्हणून सांगितलं होतं. मूनभाऊंच्या अंगठ्याने विजूला मारलं, असं वर्ध्याच्या भाजीबाजारात आजही म्हणतात. हे बोलणं माझ्या आईपासून सुरू झालं. ते खरं नाही, हे मला माहीत आहे, आणि मी ते घरी-बाजारात कोणाला सांगितलेलं नाही. पण आधी माणूस कसा होता ते सांगतो.

मूनभाऊ बुटके होते. खांदे मात्र पैलवानासारखे, टायर रिमवरून काढून काढून झालेले. अर्ध्या बाह्यांचा खाकी शर्ट, वर काळे डाग, खिशात हवा मोजायचा काटा. पौर्णिमेला मात्र पांढराशुभ्र शर्ट घालून विहारात जायचे आणि त्या दिवशी दुकान अकराला उघडायचं. तेवढ्या वेळात कोणाचं पंक्चर झालं तर तो माणूस बंद शटरसमोर गाडी लावून बसून राहायचा. शंभर पावलांवर दुसरं दुकान होतं, तरी जायचा नाही.

गिऱ्हाईक हा शब्द त्यांच्या तोंडी कधी ऐकला नाही. ते "आपले लोक" म्हणायचे. आपल्या लोकांची नावं मात्र त्यांच्या लक्षात राहत नसत, टायर राहत. माझं नाव सुनील भोयर आहे, हे त्यांना कळायला बहुतेक तीन वर्षं लागली. तोवर मी "ब्रेक मारनारा" होतो. माझा मागचा टायर एकाच जागी जास्त झिजायचा. "तुले कुत्र्याचं भेव वाटते का गा?" त्यांनी एकदा विचारलं. मला कुत्र्यांची भीती वाटते, हे घरातही कोणाला माहीत नव्हतं.

एकदा एक नवीन लग्न झालेले प्राध्यापक बायकोला मागे बसवून आले. मूनभाऊंनी चाक फिरवून पाहिलं आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "सर, टायर एका अंगानं जास्त घिसला. मॅडम एकाच बाजूनं बसतात ना? त्याईले सांगा, सोमवारी इकडून बसाचं, मंगळवारी तिकडून." प्राध्यापक खरंच विचारात पडले. बाई हसून हसून दुकानाच्या पायरीवर बसल्या. पुढे त्यांची पोरं मोठी झाली तेव्हा त्यांच्या गाड्याही तिथेच यायच्या.

टायर कंपनीचा एजंट दर तिमाहीला स्कीम घेऊन यायचा. इतके टायर विकले तर घड्याळ, इतके विकले तर गोव्याची सहल. मूनभाऊ त्याला चहा पाजत. एकदा मी समोर असताना तो अगदी कळवळून म्हणाला, "मूनसाहेब, माणूस पैसे घेऊन दारात येतो आणि तुम्ही त्याला परत पाठवता. धंदा वाढणार कसा?"

"आज परत पाठवला म्हनून तर तो उद्या येते," मूनभाऊ म्हणाले. "अन गोव्याले जाऊन करू काय? मले पोहता येत नाई."

एजंट गेल्यावर मी विचारलं की खरंच काही नुकसान होत नाही का. ते म्हणाले, होते ना, दर महिन्याले होते. पण त्यांच्या आवाजात नुकसान झाल्यासारखं काही नव्हतं.

रोहण्याचे एक मास्तर होते. त्यांनी एकदा मोबाईलवरून टायर मागवला, दोनशे रुपये स्वस्त. टायर घरपोच आला, पण बसवणार कोण? मास्तर तो पोत्यात गुंडाळून मूनभाऊंकडे घेऊन आले आणि दुकानाबाहेरच उभे राहिले, वर्गात उशिरा आलेल्या मुलासारखे. मूनभाऊंनी स्वतः जाऊन पोतं उचललं. टायरच्या अंगावर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. त्यावरून टायर कारखान्यातून कधी निघाला ते कळतं. मूनभाऊंनी ते आकडे पाहिले. टायर चार वर्षं कुठल्या तरी गोदामात पडलेला होता. त्यांनी टायरवरच्या बाणाची दिशा बघून तो नीट बसवला, हवा भरली, फक्त बसवायचे पैसे घेतले आणि जाताना हळूच म्हणाले, "मास्तर, टायर म्हातारा आहे. पान्यात जरा दमानं घेजा."

मास्तर गेल्यावर मी म्हटलं, "तुम्हाला राग नाही आला?"

"कायचा राग? दोनशे रुपये वाचत असन तर मीबी तिकडूनच घेतला असता."

पुढच्या वर्षी मास्तर आले तेव्हा सोबत शाळेतले चार जण होते, चौघांच्याही गाड्या घेऊन. मूनभाऊंनी चारपैकी तिघांना परत पाठवलं.

माझ्यावर त्यांचा विशेष जीव जडला तो पाण्यावरून. दुकानात माठ असायचा, येणाऱ्याला आधी पाणी. ते बोअरचं पाणी होतं. एक दिवस त्यांनी मला बाटली भरून दिली आणि म्हणाले की तपासून दे, लोकाईले मी काय पाजून राह्यलो ते मले माहीत पाह्यजे. आकडे बरे आले नाहीत. मी कागद देताना थोडा कचरलो. त्यांनी तो वाचला, त्याच दिवशी नळाचं पाणी आणायची व्यवस्था केली आणि तो कागद भिंतीला चिकटवला. कोणी विचारलं की माझ्याकडे बोट दाखवायचे. "हा पान्याचं खरं सांगते, मी टायरचं. आमचा दोघांचा धंदा एकच आहे."

हे वाक्य त्यांनी किती वेळा, किती लोकांसमोर म्हटलं असेल, याची गणती नाही. मला ते आवडायचं.

आता विजूचं. आमची नालवाडीच्या पुढे थोडी शेती आहे. वांगी, कोबी, सांबार म्हणजे कोथिंबीर, जे निघेल ते. आई वर्ध्याच्या बाजारात बसते. विजू गाडीवर माल बांधून लांबच्या बाजारांना जायचा, रोहण्यापर्यंत. मागे कॅरिअरवर दोन क्रेट, वर पोतं, सगळं दोरीने आवळलेलं. आम्हा दोघांच्या गाड्या एकाच कंपनीच्या, एकाच काळ्या रंगाच्या. त्याच्या गाडीचा मागचा टायर गेला होता आणि तो मी घेऊन देईन असं मी कबूल केलं होतं. तो मागणारा पोरगा नव्हता, मीच बोललो होतो.

एका रविवारी आम्ही दोघं त्याच्या गाडीवर मूनभाऊंकडे गेलो. गाडी धुतलेली होती, मागे काही बांधलेलं नव्हतं. विजू समोरच्या टपरीवर तंबाखू-सुपारीचा खर्रा घ्यायला गेला. मूनभाऊ उकिडवे बसले, चाक फिरवलं, नख घातलं. आणि वर बघून मला विचारलं, "हे तुही ना? ऑफिसची?"

मी म्हटलं, "हो."

दुसरं काही म्हटलं नाही. जरा आधीच भिंतीवर लावलेले नवे भाव मी वाचले होते. टायर, ट्यूब, बसवणं धरून अडीच हजारांच्या घरात जात होतं. माझ्याकडे तेवढे पैसे होते. अडचण काहीच नव्हती. दिवाळीला बोनस येईल, तेव्हा घेऊ, इतकाच विचार मनात आला. मूनभाऊंनी "चालते" म्हणावं असं मला वाटत होतं, आणि ऑफिसची गाडी म्हटलं तर ते म्हणतील, हे मला माहीत होतं.

ते उठले. म्हणाले, "तुह्या एकट्याच्या वजनाले अजून दोन महिने जाते."

विजू खर्रा चोळत परत आला. "काय म्हनता, मूनभाऊ?"

"चालते."

"मंग चालते," विजू म्हणाला आणि गाडीला किक मारली. मूनभाऊ म्हणाले म्हणजे पुढे विचारायचं काही उरत नाही, अशी त्याची समजूत होती. वर्ध्यात अनेकांची होती.

सतरा दिवसांनी रोहण्याच्या बाजाराला जाताना एका वळणावर रस्त्यावर पाटाचं पाणी आलेलं होतं. दोन क्रेट वांगी आणि कोबीचं पोतं. मागून येणाऱ्या ऑटोवाल्याने सांगितलं की मागचं चाक आडवं गेलं. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलेलं होतं. मी पोचलो तेव्हा कोणीतरी माझ्या हातात त्याची चप्पल दिली, एकच. ती मी बराच वेळ हातात धरून होतो. रडू आलं नाही. तेव्हा आलं नाही आणि पुढेही आलं नाही. लोक म्हणाले, धीराचा आहे. मी धीराचा वगैरे नव्हतो, माझ्या आत काही हलतच नव्हतं. चौथ्या दिवशी मी एका गावाच्या बाटल्यांवर दुसऱ्याच गावाचं नाव लिहिलं तेव्हा साहेबांनी मला घरी पाठवलं.

त्याच दिवशी मूनभाऊ घरी आले. पौर्णिमा नव्हती, पण पांढरा शर्ट घातलेला होता. बाजेवर बसा म्हटलं तर दाराजवळ खालीच बसले. आई भिंतीला टेकून बसली होती. शेजारच्या बाईने त्यांच्यासमोर चहा ठेवला. त्यांनी कपाला हात लावला नाही.

"बाई," ते म्हणाले, "टायर मी पाह्यला होता. चालते म्हनून मीच सांगलं. चूक माही आहे."

आईने मान वर केली. "तुमीच म्हनलं?"

"हो. मीच."

आई उठली. त्यांच्यासमोरचा चहाचा कप तिने उचलला आणि आत नेऊन ठेवला. मग परत येऊन भिंतीला टेकून बसली. मूनभाऊंनी हात जोडले आणि ते गेले. तेवढ्या वेळात त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. मी बाजेवर बसून होतो. दिवसाला किती गाड्या बघतात, त्या रविवारी काय बोलणं झालं ते हे विसरले असतील, असं मला वाटलं. आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. त्या सगळ्या दिवसांत मला जे काही वाटलं ते एवढंच.

आई महिन्याभराने बाजारात बसू लागली. तिच्याकडे येणारं अर्धं गाव मूनभाऊंकडे जाणारं होतं. ती आरडाओरडा करणारी बाई नाही. वांगी तोलता तोलता सांगायची, "तो टायरवाला मून आहे ना, त्यानंच चालते म्हनलं होतं माह्या पोराले." मग तराजू खाली ठेवायची. ऐकणारा पिशवीत वांगी घ्यायचा आणि घरी जाऊन बायकोला सांगायचा. बायको म्हणायची, तुम्ही नका जाऊ गा तिकडं.

तेवढ्याने सगळे गेले नसते. बरेच जुने लोक येत राहिले. पण आता मूनभाऊच बदलले होते. ते नख घालायचे, बराच वेळ चाकाकडे बघत राहायचे आणि म्हणायचे, "बदलून टाक." नख अर्धं बुडालं तरी तेच. कोणी म्हटलं की भाऊ, अजून तर चांगला आहे, तर प्रश्नांची सरबत्ती. मागं कोण बसते? ओझं किती नेता? गाडी नक्की तुमचीच ना? माणसं वैतागायची. एक जण माझ्यासमोर पानटपरीवर म्हणाला, "मूनबी शेवटी शोरूमवाल्यासारखेच निघाले. धंदा मंदा झाला तसा जो आला त्याच्या गळ्यात टायर बांधून राह्यले." मी पान घेतलं आणि निघालो.

मला तेव्हा एक गोष्ट कळली. लोक मूनभाऊंना इतकी वर्षं धरून होते ते त्यांच्या खरेपणासाठी, असं मीही समजत होतो. पण ते खरेपण नेहमी लोकांच्या खिशाच्या बाजूनेच पडायचं. खर्च करायला सांगू लागलं तेव्हा ते खरेपण कोणाला ओळखू आलं नाही. बायपासला टायरचं एक नवं चकाचक दुकान झालं होतं. काचेचं दार, बसायला सोफा, यंत्राची कॉफी, जुन्या टायरवर सूट. तिथे तुमच्या टायरकडे कोणी बघतच नसे, कोणता हवा एवढंच विचारायचे. लोक हळूहळू तिकडे वळले. चारातल्या तिघांना परत पाठवणाऱ्या दुकानात आता आठवड्यात चार गाड्या येईनात.

बायपासच्या दुकानात जाणाऱ्या पहिल्या लोकांत मी होतो. दोनदा टायर तिथूनच घेतला. पंधरा वर्षांचं माणूस सोडायला मला काही त्रास झाला नाही. नालवाडीतून जाताना त्या बाजूला बघायचं नाही, एवढं केलं की भागायचं. आईच्या तोंडून ते वाक्य रोज कोणीतरी ऐकत होतं. ते थांबवायला माझा एक शब्द पुरेसा होता. तो मी बोललो नाही. आज बोलू, उद्या बोलू असंही केलं नाही. नुसता राहिलो. तीन वर्षं अशीच गेली.

मग एका दुपारी वडनेरकडून बाटल्या घेऊन येत होतो. नालवाडीजवळ मागचं चाक बसलं. गाडी ढकलत जायची तर समोर तेच दुकान. मूनभाऊ एकटेच स्टुलावर बसून होते. बरेच वाळले होते. नळीवर ओवलेले टायर सात-आठच राहिले होते. मला बघून उठले, गाडी स्टँडवर घेतली आणि काही न विचारता चाक खोलायला लागले. मी ओट्यावर बसलो. माठातलं पाणी त्यांनीच आणून दिलं.

टायर बायपासच्या दुकानातला आहे हे त्यांनी नक्कीच ओळखलं असणार. बोलले नाहीत. ट्यूब काढली, हवा भरून टबात बुडवली. बुडबुडे कुठून येतात ते बघत होते. मी त्यांच्या पाठीकडे बघत होतो, आणि माझ्या तोंडातून निघालं, "मूनभाऊ, त्या दिवशी ती गाडी विजूची होती."

ते तसेच वाकलेले राहिले.

"तुम्ही विचारलं होतं ऑफिसची का म्हणून. मी हो म्हटलं. मी खोटं बोललो."

"मले माहीत आहे," ते म्हणाले.

त्यांनी भोकाच्या जागी खूण केली, ट्यूब पुसली आणि समोर येऊन बसले. "कॅरिअरवर दोरीचे वळ होते. कोबीचं एक पानबी अटकलं होतं खाली. ऑफिसच्या गाडीले कोबीचं पान कुठून येईन? पन तू हो म्हनला. मी तुह्या तोंडाकडं पाह्यलं, कॅरिअरकडं नाई पाह्यलं. ते माही चूक."

"मग घरी आलात तेव्हा काऊन नाही बोलले? मी तिथंच होतो. तुम्ही सगळं स्वतःवर घेतलं. दुकान बसलं तुमचं."

मूनभाऊ ट्यूबवर कानस घासत होते. ठिगळ चिकटायला जागा खरखरीत करावी लागते. घासणं झाल्यावर त्यांनी सोल्युशन लावलं, ते वाळायला हवं म्हणून फुंकर घातली.

"तुही माय समोर बसून होती," ते म्हणाले. "एक पोरगं गेलं होतं तिचं. मी खरं सांगलं असतं तर तिच्याजवळ एकबी राह्यलं नसतं. दुकानाचं काय, ते मी सोडून दुसऱ्या कोनाचं होतं? आता तिले सांगशीन बिंगशीन नोको."

त्यांनी ठिगळ दाबलं, चाक बसवलं, हवा भरली, काट्याने मोजली. पंक्चरचे तेवढे पैसे घेतले, उरलेली सुटी नाणी माझ्या हातावर ठेवली. मी गाडी सुरू केली. छातीत काहीतरी दुखलं. तीन वर्षांत पहिल्यांदा दुखलं, आणि घरी पोचेपर्यंत तेही गेलं.

त्यानंतर चार-पाच महिन्यांत दुकान बंद झालं. आता तिथे मोबाईलचं कव्हर, काच असं काही मिळतं.

मूनभाऊंना मी शेवटचं पाहिलं ते वर्ध्याच्या बसस्टँडवर. आईला मावशीकडे हिंगणघाटला न्यायचं होतं. उन्हाळा सुरू झालेला, फलाटावर बाकं थोडी आणि माणसं जास्त. आईला उभं राहावत नव्हतं, पायात गोळे यायचे. मी जागा शोधत होतो तेवढ्यात एका बाकाच्या टोकावरून एक माणूस उठला आणि म्हणाला, "बाई, बसा." मूनभाऊ होते. पायाशी एक पत्र्याची पेटी आणि दोरीने बांधलेली गादी. वडनेरला भावाकडे कायमचे निघाले होते, हे मला मागाहून कळलं.

आईने त्यांना ओळखलं. क्षणभर ती उभीच राहिली. मग पाय ऐकेनात म्हणून बसली, त्यांच्याकडे न बघता. मूनभाऊ पेटी उचलून पलीकडे उन्हात जाऊन उभे राहिले, आमच्याकडे पाठ करून. फलाटाची सावली त्यांच्यापासून चार हातांवर संपत होती. वडनेरची गाडी यायला जवळजवळ अर्धा तास लागला. ते तेवढा वेळ तिथेच उभे होते. एकदाच वळले. माझ्याकडे बघितलं, आणि मी काही बोलायच्या आत मान हलवली, नाही म्हणून.

गाडी आली. त्यांनी आधी गादी आत सरकवली, मग पेटी, मग स्वतः चढले. गर्दीत पुढे कुठे बसले ते दिसलं नाही. गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत आई तिकडे बघत होती.

"गेला का तो?" तिने विचारलं.

"गेला."

तिने पदराने तोंडावरचा घाम पुसला.

"मी त्याले एवढं बोलत राह्यली बाजारात," ती म्हणाली. "तरी त्यानं मले जागा काऊन देल्ली, सुनील?"

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. आमची गाडी लागत होती. मी पिशवी उचलली आणि म्हटलं, "चल आई, नाहीतर आत जागा मिळणार नाही."